टास्कबारवरचं 'कावून'

बाबांचं बोलणं गेलं तेव्हा मी पुण्यात होते. सकाळी दाढी करता करता त्यांचा उजवा हात लुळा पडला. आईनं काय झालं म्हणून विचारलं तर तोंडातून नुसता आवाज आला, शब्द आलाच नाही. मी मिळेल त्या गाडीनं भिलाईला पोचले आणि महिन्याभरात नोकरी सोडून वैशाली नगरच्या घरीच राहिले. शेजारीपाजारी म्हणायचे, पोरगी असावी तर अशी. मला ते ऐकवत नसे. कुणी म्हणालं की मी उठून आत जायची.

बाबांना सगळं समजत होतं, पण बोलता येत नव्हतं. लिहिताही येत नव्हतं. डाव्या हातात पेन दिलं तर अक्षर अर्ध्यात भरकटायचं. जन्मभर प्लांटमध्ये मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोललेला माणूस खुर्चीत बसून दाराकडे बघायचा, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. डावा पाय सारखा हलत असायचा. मलाही एका जागी बसवेना. बाल्कनीतून स्वयंपाकघरात, तिथून परत बाल्कनीत, अशा माझ्या फेऱ्या चालायच्या.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी चित्रांची कार्डं दिली: पेला, ताट, पलंग. बाबांनी ती डाव्या हातानं पलंगाखाली लोटली. पोरांच्या शाळेतली कार्डं होती ती, मलाही त्यांचा राग समजला. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते कंट्रोल रूममध्ये स्क्रीनपुढे बसत. म्हणून मी माझा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. फोनवर एकेक वाक्य रेकॉर्ड केलं, त्यांच्या फाइली डेस्कटॉपवर मांडल्या आणि माऊस डाव्या हाताला दिला.

पहिल्याच क्लिकला गाणी वाजवायचा प्रोग्राम उघडला आणि त्यानं सगळा स्क्रीन झाकून टाकला. बाकीच्या फाइली त्याच्यामागे गेल्या. कोपऱ्यातली बारीक फुली काही त्यांच्या थरथरत्या हाताला सापडेना. खालची पट्टी मात्र दिसत होती. टास्कबार कुठं जात नाही, काहीही उघडा, तो तिथंच असतो. म्हणजे फाइली तिथं हव्यात. मी ओढून नेल्या, तर त्या पट्टीवर न चिकटता त्या प्रोग्रामच्या चित्रामागे जाऊन लपल्या. उजवं क्लिक केल्याशिवाय दिसायच्या नाहीत, आणि उजवं क्लिक बाबांना जमणारं नव्हतं. तीन दिवस मी तेच तेच करत राहिले. आई म्हणाली, "जेवून तं घे, पोरी. ते डबडं कुठं पळून जाऊन राहिलं का?"

चौथ्या दिवशी लॅपटॉप घेऊन सुपेल्याच्या बाजारात गेले. दुरुस्तीच्या दुकानातला माणूस उघड्या मशीनमधून मान वर न काढताच म्हणाला, "सीधी फाइल नहीं चिपकेगी, मैडम. पहले शॉर्टकट बनाओ. उसकी प्रॉपर्टी खोलो, पते के आगे एक्सप्लोरर लिखो, बीच में एक खाली जगह छोड़ के. फिर खींच लो नीचे."

एवढंच होतं. घरी येऊन केलं आणि पहिला शॉर्टकट पट्टीवर बसला. मला टाळी वाजवावीशी वाटली. सगळ्यांची चित्रं सारखीच दिसत होती, म्हणून कॉम्प्युटरमधलीच वेगवेगळी चित्रं लावली. झाड म्हणजे बाहेर जायचंय. कुलूप म्हणजे संडास. हिरवी खूण 'हो', लाल फुली 'नाही'.

बाबांनी पाण्याचं चित्र दाबलं. "मला पाणी हवे आहे," असं माझ्या आवाजात वाजलं. बाबांनी तोंड फिरवलं.

आई दारात उभी होती. "हे कोण बोलून राहिलं? रेडिओवाली बाई? आपल्या घरी कोण बोलते असं?"

"मग तू बोल," मी चिडून म्हटलं आणि फोन तिच्यापुढे धरला. आई पदर सावरून, फोटो काढायला बसावं तशी बसली आणि म्हणाली, "मले पाणी पाहिजे." सगळी वाक्यं तिच्याकडून पुन्हा घेतली. आता बाबा बाईच्या आवाजात बोलू लागले, पण ती बाई घरची होती. त्या दिवशी त्यांनी सहा वेळा पाणी मागितलं.

आठवडाभर बरं चाललं. मग ते पट्टीवरच्या शेवटच्या चित्राशेजारी, जिथं काहीच नव्हतं तिथं, बोट टेकवू लागले. स्क्रीनवर टकटक करायचे आणि माझ्याकडे बघायचे.

"अजून एक पाहिजे का, बाबा?"

'हो.'

"काय पाहिजे? टीव्ही? भाजी? डोकं दुखते?"

'नाही.' 'नाही.' 'नाही.'

दोन दिवस आम्ही घरातल्या एकूण एक वस्तूचं नाव घेतलं. नातेवाईकांची घेतली, आधी राहायचो त्या सेक्टर सहामधल्या क्वार्टरच्या शेजाऱ्यांचीही घेतली. लाल फुली वाजत राहिली. शेवटी आईचा धीर सुटला. हातातलं ताट आपटून ती ओरडली, "कावून तरास देऊन राहिले मले? कावून?"

बाबांनी हिरवी खूण दाबली. 'हो.' पुन्हा दाबली. 'हो, हो, हो.'

आई रडायच्या बेतात होती. "तरास द्यायचा आहे म्हणते!"

"थांब," मी म्हटलं. "बाबा, कावून? हा शब्द पाहिजे तुमाले?"

'हो.'

मला लाज वाटली. मी त्यांना मागण्या करायला शिकवलं होतं. त्यांना 'का' असं विचारायचंही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईनं फोनमध्ये एकच शब्द म्हटला. मी निळं प्रश्नचिन्ह शोधलं, शॉर्टकट केला, पट्टीवर नेऊन ठेवला.

बाबांनी डावा हात माझ्याकडे केला. मग माऊसवर नेला.

'कावून?'

"मी कावून आले? तुमच्यासाठी, बाबा."

'नाही.'

आई आत गेली. मला उठून बाल्कनीत जायचं होतं, पण ते बघत होते. मग सांगितलं. पुण्यावरून माझं मन उडालं होतं, त्यांच्या आजाराच्या कितीतरी आधीपासून. रोज निघायचं कारण शोधत होते. आईचा फोन आला तेव्हा भीती वाटली, आणि त्या भीतीखाली, अगदी खाली, सुटल्यासारखंही वाटलं. तेव्हापासून लोकांनी कौतुक केलं की अंगावर काटा येतो.

बाबांनी माऊस हलवला. मला वाटलं, आता पुन्हा लाल फुली. त्यांनी हिरवी दाबली आणि डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

नंतर त्यांनी सगळ्यांना सळो की पळो केलं. डॉक्टरनं गोळी बदलली, 'कावून?' आईनं वरणात मीठ कमी टाकलं, 'कावून?' फिजिओथेरपीवाला एकदा हात जोडून म्हणाला, "बाबूजी, आप तो अफसर हो गए." पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या तोंडी तीन-चार शब्द परतले. पहिला होता 'चल'. तो त्यांनी आईला म्हटला, फाटकाशी उभं राहून, आणि आई पायात चपला न घालताच निघाली. मी दारातून दोघांना कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितलं, मग शेजारच्याच दुर्गमधल्या एका नोकरीचा अर्ज भरायला बसले.