सात वाजता वीज कुठे जाते?

वेदवतीबाईंनी म्हैसूरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी सातला पंखा रेंगाळायला लागला, तेव्हा वीज कंपनीच्या नावानं बोटं मोडण्याऐवजी त्यांनी व्होल्ट मोजायचं मीटर आणलं आणि आठवडाभर वहीत आकडे मांडले. दुपारी दोनशे तीस व्होल्ट, सातला एकशे ऐंशी. रविवारी मात्र सगळं ठीक!

"रविवारी आपल्या गल्लीत काय होत नाही?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"ऑफिस," वेंकोजीराव पेपरातून मान वर न करता म्हणाले.

सोमवारी साडेसहाला बाई कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ जाऊन उभ्या राहिल्या. एकेक गाडी परतत होती आणि फाटकात शिरताच चार्जरला जोडली जात होती. विजेवरच्या अकरा मोटारी! ट्रान्सफॉर्मरची गुणगुण चढत चढत घरघर झाली.

लाइनमन तिरुमलराव कन्नडमध्ये म्हणाले, "मॅडम, हा बसवला तेव्हा गल्लीत एकही अशी गाडी नव्हती. मोठा मंजूर झालाय, पण यायला वेळ आहे. तोवर हा जळला तर सगळेच अंधारात."

गाड्या रात्री उशिरा चार्ज करा, असं सांगत बाई घरोघर फिरल्या. बहुतेकांनी मान डोलावली; गल्लीतला श्रीहरी मात्र अडून बसला. "माझी गाडी, माझं मीटर. मी का थांबू, री?" कन्नडमधलं आदराचं 'री' लावूनही त्याचा सूर चढाच होता.

"सकाळी गाडी कितीला लागते?"

"सातला. नंजनगूडला कारखान्यात जातो."

"भरायला किती तास?"

"चार."

"आणि उरलेली रात्र ती काय करते?"

श्रीहरीला हसू आलं. त्यानं चार्जरचं ॲप उघडलं, तर त्यात वेळ लावायची सोय होती. आजवर कुणी ती बघितलीच नव्हती! त्यानंच ती सगळ्यांना शिकवली.

सातचा पंखा सुधारला. पण चौथ्याच दिवशी रात्री अकराला ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला. अकराच्या अकरा जणांनी अकराचीच वेळ लावली होती!

लोक वैतागले. बाईंना मात्र राहून राहून गंमत वाटत होती. गर्दी हटली नव्हती, नुसती सरकली होती. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला दहा, कुणाला एक, कुणाला पहाटे तीन. घरीच असणाऱ्या जयवंतीबाईंनी भर दुपार मागून घेतली.

महिनाभरात फ्यूज पुन्हा उडाला नाही. बाईंनी आपल्या फाटकावर लावलेल्या वेळापत्रकाचा तिरुमलरावांनी फोटो काढला. "पुढच्या गल्लीतही हीच रड आहे, मॅडम. येता का?"

बाई चपला शोधायला लागल्या होत्या.