हातभर कमी भरलेली टेकडी

दिल्लीत मयूर विहारच्या बाल्कनीत दगडाच्या भुकटीचा वास आला की मला अरवलीतली ती टेकडी दिसते. सर्वेच्या कामात मी मापाची पट्टी धरायचो. टेकडी ठरलेल्या उंचीपेक्षा कमी भरली की सरकारी कागदावर ती टेकडीच नाही, मग खाणवाल्यांना मोकळं रान. पायथ्याशी बकऱ्या चारणारी बाई म्हणाली, "ताऊ, हमारा पहाड़ बच जाएगा ना?" मी म्हटलं, "बिल्कुल." मी पायथ्याच्या मापासाठी पट्टी उभी केली, तेवढ्यात मोजणीच्या दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या आमच्या तरुण इंजिनिअर मॅडम ओरडल्या, "काका, पट्टी मूळ जमिनीवरच आहे ना? खाली भराव नको!" मला राग आला. "तीस वर्षं पट्टी धरतोय, मॅडम, मला शिकवू नका!" त्यांनी आकडा लिहिला आणि माझ्या हातातली पट्टी हळूच खचली. खाली खाणीचा मलबा होता, म्हणजे पायथाच हातभर उंच धरला गेला होता. पण शिकलेल्या पोरीसमोर चूक कबूल कोण करणार? मी पट्टी उचलून खांद्यावर टाकली. टेकडी हातभर कमी भरली. पुढे एकदाच तिकडे गेलो. टेकडीच्या जागी हिरव्या पाण्याचा खड्डा होता. काठावरून ती बकऱ्यांवाली बाई माझ्याकडे बघत राहिली. आता घरातल्या फरशीवरसुद्धा मी आधी टाचेनं दाबून बघतो, मगच उभा राहतो.