मशीनवरची ओळ

"बाई, तुमचा डबा द्या," सर म्हणाले. "त्यातून वासाशिवाय काही बाहेर पडत नाही."

सगळं ऑफिस खिदळलं. बोईसरमधलं छोटं ऑफिस, दुकानाच्या माडीवरचं. एका गोदामासाठी आम्ही हातातल्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बनवत होतो. विटेएवढं मशीन. ते खोक्यावरच्या काळ्या पट्ट्या वाचायचं आणि माल कुठे ठेवला ते वायरीशिवाय मोठ्या कॉम्प्युटरला कळवायचं. माझ्या नातीला यात काही नवल वाटत नाही. ती मोबाईल हातात घेऊनच जन्मली. तेव्हा आम्हाला ती जादू वाटायची.

लोखंडी मांडण्यांच्या आड गेलं की त्या मशीनचा सिग्नल तुटायचा. तुटला तरी नोंदी हरवू द्यायच्या नाहीत, परत आला की पाठवायच्या. हा भाग मी लिहिला होता. तो तपासायला सिग्नल मुद्दाम तोडावा लागे. मशीन स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं की काम व्हायचं. आणि मोठा गोल डबा माझाच होता. त्यात तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी.

मी काय केलं? भाकरी कागदावर काढली. डबा साबणाने घासला, पुसला, परत घासला. आणि दोन्ही हातांनी सरांपुढे धरला. नैवेद्य दाखवतात तसा. अशी मी बाणेदार!

मशीन आत गेलं. पीं पीं वाजलं. झाकण उघडलं तेव्हा पडद्यावर ओळ होती. 'थांबा, सिग्नल शोधत आहे' असं मी लिहिलं होतं. सरांनी ते बदललं होतं. अक्षरं इंग्रजी, शब्द हिंदी.

'मच्छीवाली आयी, नाक बंद करो.'

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल? मीच. दात एवढे दाखवले की मोजून घ्या म्हणावं. लग्नानंतर, पोरीला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. आमच्या आळीतून ऑफिसच्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई मी. खुर्ची जाईल या भीतीने हसले. नाव मात्र दिलं खिलाडूपणाचं.

मग माझी थेरं सुरू झाली. बोंबील बंद. जवळ्यासारखी बारीक कोलीम बंद. डब्यात बटाट्याची भाजी. अंगाला इतकी पावडर की एसटीत शेजारची बाई शिंकायची. सासूने विचारलं, "काय गो, आजारी हायस? मासली नाय खात ती?"

"ऑफिसात वास येतो."

तारापूरच्या बाजारात मासळीची टोपली डोक्यावर घेऊन सासूने मुलगा शिकवला होता. त्या मुलाने मला शिकू दिलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी पावडरचा डबा पदराखाली घेतला.

ती ओळ तशीच राहिली. "ट्रायलच्या आधी काढू," सर म्हणायचे. रोज संध्याकाळी मी ती उघडायची, बघायची, बंद करायची. माझ्याच भागातली ओळ. एक बटण दाबायचं होतं. नाही दाबलं.

ट्रायलचा दिवस आला. बेटेगावच्या रस्त्यावरचं गोदाम. तिथे मशीन घेऊन फिरायला ज्या कंत्राटी बायका ठेवल्या होत्या, त्यांत आमच्या गावची कमळीकाकी. इंग्रजी अक्षरं ओळखण्याइतकी शाळा शिकलेली, होडीवर भागेना म्हणून कामाला लागलेली. मला बघून तिचा चेहरा उजळला. बाकीच्या बायकांना म्हणाली, "ही आमच्या घराजवलची. ह्या मशिनीचं डोकं तिचं हाय."

मी मान ताठ केली. तेवढ्यात काकी मांडण्यांच्या आड गेली. पीं पीं. ती मशीन घेऊन बाहेर आली, डोळ्यांपासून लांब धरून एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचू लागली.

"म… च्छी… वाली… आयी…"

पुरं वाचलं तिने. हमाल हसले. एकाने खरंच नाक धरलं. काकीने माझ्याकडे बघितलं. आणि हसली.

ते हसणं माझं होतं. तेच दात, तीच घाई.

"आपल्याला बोलतंय काय गो हे? आसूं दे. मोठ्या लोकांची मस्करी," ती म्हणाली. आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने पदर नाकाशी नेला. हुंगला.

मी तिच्या हातातून मशीन घेतलं. सर गोदामाच्या मॅनेजरशी बोलत होते.

"सर, ही ओळ आत्ता काढणार. ट्रायल थांबवा."

"अहो, गंमत होती. तुम्हीपण हसलात ना?"

खरं बोलले. त्या माणसाचं तेवढं एकच वाक्य मला आजही खोडता येत नाही.

"हसले," मी म्हटलं. "त्याची लाज माझी मला. पण ओळ तुम्ही लिहिलीत. आता मी पुसते."

"क्या हुआ?" मॅनेजर म्हणाला. मी मशीन त्याच्यापुढे धरलं आणि ओळ वाचून दाखवली. पुरी, मोठ्याने, काकीने वाचली तशी. मग खोक्यांवर बसले, लॅपटॉप उघडला, ओळ काढली, एकेका मशीनमध्ये प्रोग्रॅम परत भरला. बाहेर ट्रक ताटकळले. सर दातांत बोलले, "माफी मागा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"येईन. काढायचं तर लेखी काढा. कारण घाला: बाईला मासळीचा वास येतो."

त्यांनी लिहिलं नाही. मला त्या कामावरून काढलं, कोपऱ्यातलं टेबल दिलं, माझ्याशी बोलणं टाकलं. मी टिकले. पण याची शौर्यकथा करू नका. माझ्यावरची ओळ मी गिळली होती. तोंड उघडायला काकीला पदर हुंगावा लागला. ती आता नाही. तिची माफी मागायची राहिली, आणि ते ओझं मला हलकं करून घ्यायचं नाही.

मी चावट म्हातारी आहे. जावयाची टर उडवते, डॉक्टरची उडवते, माझी तर रोजच. पण माणसाला त्याच्या अंगाचा, त्याच्या घराचा वास घ्यायला लावणारी मस्करी माझ्यासमोर झाली, तर मी हसणार नाही. ऑफिस असो, लग्नाचा मांडव असो, माझंच घर असो. करणाऱ्याला उभं करीन आणि तेच वाक्य सगळ्यांसमोर परत म्हणायला लावीन. शेवटच्या अक्षरापर्यंत.