गोळी घेतली आणि उलटी झाली

मैत्रिणींनो, आज दुपारी शेजारची स्वाती रडतच माझ्याकडे आली, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. काल कंडोम फाटला म्हणून तिनं आज सकाळी इमर्जन्सी गोळी घेतली आणि तासाभरात उलटी झाली. सासूबाई मात्र गोड बातमी समजून खूश.

"काकू, दुसरं मूल आत्ता नाही झेपणार. घरी कसं सांगू?"

मी ओळखीच्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

"दोन तासांच्या आत उलटी झाली तर लगेच दुसरी गोळी घ्यायची," त्या म्हणाल्या. "बाळाला दूध पाजलं तरी चालतं. पाळी आठवडाभर लांबली तर टेस्ट करा. आणि ही नेहमीसाठी नाही, नियमित गर्भनिरोधकासाठी येऊन भेटा."

आम्ही गोळी आणायला निघालो तर दारात तिच्या सासूबाई. स्वातीनं खाली मान घालून सगळं सांगितलं.

त्यांनी बाळाला कडेवर घेतलं. मग म्हणाल्या, "अच्छा. मग घाबरून काहून राहिली? जा, मेडिकलमधून गोळी घेऊन ये. याला मी पाहते."

स्वाती आणखीनच रडली.

तुमच्या घरी हे कोणाला सांगता येतं?