जरा मागं घे

काल एसटी स्टँडवर बसायला जागा नव्हती, म्हणून एका बाकामागं उभा होतो. समोर बसलेला माणूस मोबाइलवर सिनेमा बघत होता. तुरुंगाचं आवार, गंजकी दारं आणि भिंगरीसारखा फिरून लाथा मारणारा बारकेला नायक. मी लगेच ओळखला. हा सिनेमा कधी गाजला नाही. आमच्या घरात मात्र तोच चालायचा.

दादा सैन्यात गेला, तेव्हा त्याची ही एवढी एकच व्हिडिओ कॅसेट मागं राहिली. आईला कराटे-बिराटे काही कळायचं नाही. मारामारी सुरू झाली की ती तांदूळ निवडायला घ्यायची. तिला एकच प्रसंग हवा असायचा. नायक पहिल्यांदा कोठडीत येतो, आत पाय ठेवायला जागा नसते, आणि एक म्हातारा कैदी मुकाट्यानं सरकून त्याला आपल्या चटईवर जागा करून देतो.

"जरा मागं घे," आई म्हणायची. मी घ्यायचो. "बघ, तिथंही कुणीतरी असतंच," ती स्वतःशीच म्हणायची.

लोकांच्या कॅसेटी मारामारीपाशी झिजायच्या, आमची त्या चटईपाशी झिजली. तिथं नुसत्या पांढऱ्या रेघा यायच्या. आईला तरी तो म्हातारा दिसायचा.

मोबाइलवर एकही रेघ नव्हती. तो प्रसंग आला, आणि त्या माणसानं बोटानं तो सर्रकन पुढं ढकलला.

"अहो, जरा मागं घ्या ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. सिनेमा मागं घेतला, आणि बाकावर थोडा सरकला.