माझ्याआधी घरी आलेला

आमच्याकडे कुणी भुताखेताची गोष्ट काढली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचो. आजही विश्वास आहे असं म्हणणार नाही. पण हे कुणाला तरी सांगायला हवं... आणि घरात आता कुणी नाही.

गोंदिया जिल्ह्यात चिचगडच्या पुढे जंगलात एक जुना गोंडकालीन किल्ला आहे. नाव देत नाही. जिल्ह्यातले किल्ले आणि जुनी देवळं जोडणारा पर्यटन मार्ग होणार होता. बोर्ड आणि पायवाटेच्या कामावर मी ठेकेदाराचा सुपरवायझर होतो. एक साहेब मोबाइलवर स्पेनमधले गड दाखवून गेले... पडक्या बुरुजांपर्यंत आखलेल्या वाटा, पाठीला पिशव्या लावून चालणारे लोक.

"पैसे देऊन चालतेत?" आमचा मिस्त्री सुखराम म्हणाला. "आमी त म्हशीमांगं फुकट चालून रायलो जी!"

गडाच्या पायथ्याशी दगडांचा ढीग होता. वर जाणाऱ्याने तिथे एक दगड ठेवायचा, म्हणजे वाट त्याला सुखरूप घरी आणते, अशी रीत. बायको, अनुसया, रोज बजावायची म्हणून मीही ठेवायचो.

त्या दिवशी गिट्टीचा, म्हणजे खडीचा, ट्रॅक्टर नाल्यात फसला. बोर्डाच्या पायासाठी खड्डा तयार, सिमेंट कालवलेलं. मी म्हटलं, तो ढीग घ्या.

सुखरामने फावडं खाली ठेवलं. "लोकायचे दगड होत जी. कोनता कोनाचा, कसा ओळखसान?"

"ओळखायचं कशाला? भर."

भरले. त्या सकाळी मी ठेवलेला दगडही त्यातच गेला. नंतर दिवसभर मी वर, बुरुजापाशी. सुखराम सोबतच होता. तिथे मोबाइलला रेंज नाही. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

अनुसया चुलीपाशी होती. डोळे सुजलेले, पण चेहरा कधी नव्हे इतका शांत. ओसरीत अर्धा चहा राहिलेला कप.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोन येते? तुमीच त पेले. अन् सांगतल्याबिगर कुठं गेले होते मंग?"

"मी आत्ता येतोय गडावरून."

"थट्टा नोका करू जी. दुपारी आले, माझं सारं आयकलं. हात धरून रडले माझा."

माझ्या हाताला अजून सिमेंट लागलेलं होतं. "डोकं फिरलं का तुझं? मी कायले रडू?"

ती चुलीकडे तोंड फिरवून म्हणाली, "राहू द्या."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "काल लवकर सुटी झाली का भाऊ? भर उन्हात येताना दिसले." मी हो म्हणून पुढे गेलो.

आता खरं लिहितो. तिने काय सांगितलं होतं, हे मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे दुसरं कुणी आलं होतं हे मानणं. शिवाय मनात एक घाणेरडा संशयही येऊन गेला — लिहायला लाज वाटते. तीही पुन्हा बोलली नाही. तिच्या लेखी एकदा सांगून झालं होतं, आणि मी ते नाकारलं होतं. एका घरात आम्ही भाजीत मीठ किती, धानाला पाणी कधी, एवढंच बोलत राहिलो.

पाऊस संपता संपता ती अंगणात पडली. गोंदियाला नेलं. छातीतली गाठ पार पसरली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या, "इतने दिन घर में किसी को बताया नहीं?"

अनुसयाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सांगतलं होतं यायले," म्हणाली. यायले म्हणजे मला.

दिवाळी तिने पाहिली नाही.

उन्हामुळे भास झाला असेल म्हणावं, तर काकूंचं काय? आणि तो चहा? सुखरामला विचारलं तर तो म्हणतो, "तुमी दिवसभर माझ्याजवळच होते जी," आणि विषय बदलतो.

जो आला होता त्याची मला भीती वाटत नाही. माझा चेहरा, माझा शर्ट त्याने घेतला असेल. पण बायको रडताना तिचा हात धरून बसायचं, हे त्याला कुठून सुचलं? माझ्याकडून तर तो हे शिकला नसणार.