वरून तिसरा, खालून चौथा

यजमान गेल्यावर, १९७६च्या जूनमध्ये, मी नाशिकच्या एका धर्मादाय इस्पितळात टायपिस्ट म्हणून लागले. कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी तिथे उपयोगी पडलं. भिंतीपलीकडे एक्स-रे विभाग होता आणि तिथे भिकन पगारे. ते मालेगावच्या यंत्रमागांत वाढले, रात्रशाळेतून मॅट्रिक झाले. ताण्याचे धागे दोन्ही काठांकडून मोजायची सवय त्यांनी इथे मणक्यांना लावली होती. एकदा बरगड्यांपासून खाली, एकदा माकडहाडापासून वर.

फेब्रुवारी १९८३मध्ये सटाण्याच्या ठमाबाई आल्या. वय चौतीस, कंबरदुखीने उभं राहता येईना. मणक्याचा क्षय असेल तर औषधांनी बऱ्या होणार होत्या. कर्करोग असेल तर फारशी आशा नव्हती. सुईने हाडाचा तुकडा काढून तपासायचा होता. आमच्या एक्स-रेत हाडं स्पष्ट, पण रोग दिसेना. मुंबईच्या आयसोटोप स्कॅनमध्ये रोगाचा काळा ठिपका दिसे, पण हाडं पुसट. म्हणून दोन्ही चित्रं जुळवून जागा ठरवायची. मुंबईने लिहिलं होतं, कंबरेचा दुसरा मणका. पगाऱ्यांनी पाठीवर त्या जागी फिल्मवर उमटणारी शिशाच्या तारेची फुली चिकटवली, समोरून आणि बाजूने फिल्म काढली, सर्जनांनी सुई घातली. आठ दिवसांनी उत्तर आलं: निरोगी हाड.

"मुंबईला पाठवू. पाठ उघडून पाहतील," सर्जन म्हणाले.

ठमाबाईंनी पगाऱ्यांना अहिराणीत विचारलं, "भाऊ, मी चालसू ना?"

ते दोन्ही चित्रं घेऊन दुपारभर बसले. संध्याकाळी सर्जनकडे आले तेव्हा मी सह्या घ्यायला तिथेच उभी होते.

"काय पगारे, मणक्यांची खानेसुमारी झाली का?"

"झाली, साहेब. एक जादा निघाला. कंबरेत पाच असतात, बाईंना सहा आहेत. मुंबईने पाच धरून खालून मोजले, खालून चौथा तो दुसरा म्हटला; मी वरून दुसरा धरला. सुई एक मणका वर गेली."

"तुम्ही तर दोन्हीकडून मोजता."

"त्या दिवशी गर्दी होती. एकीकडूनच मोजले. चूक माझी."

सर्जनांनी फिल्म उजेडासमोर धरून मणके मोजले. "बोलला नसतात तर कुणाला कळलं नसतं."

"पण बाईंची पाठ उघडली असती ना, साहेब."

दुसऱ्या दिवशी वरून तिसऱ्या, खालून चौथ्या मणक्यावर फुली लागली. सुई आत गेली, पुन्हा दोन फिल्म, त्या धुऊन ओल्या असतानाच पाहिल्या, सुई किंचित सरकवली. या वेळी पू आला. तपासणीत क्षय निघाला. तो अहवाल मी एकही खाडाखोड न करता टाइप केला, अशी माझ्या डायरीत नोंद आहे.

पुढच्या जानेवारीत ठमाबाई पुन्हा तपासणीला आल्या.

"रिक्षा मिळाली का स्टँडवर?" पगाऱ्यांनी विचारलं.

"पायी उनू, भाऊ."

पगाऱ्यांनी मान हलवली आणि फिल्म काढायला घेतली. भिंतीपलीकडून मला त्यांचं मोजणं ऐकू आलं, वरून खाली, मग खालून वर. निवृत्त होईपर्यंत मणक्याच्या प्रत्येक अहवालात मी दोन्ही आकडे टाइप केले. नियम कुठेच नव्हता, पगाऱ्यांचा होता.